एकास वीस

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असे आमच्या विद्यार्थी संपादकांनी मला सांगितले तेव्हा मी आधी हसून घेतले. माझे सगळे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्याला चार तास आणि 'माझा आवडता ऋतू'. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधाराव्यात आणि त्यातूनही उरतील त्या वाचकांनी गोड मानून घ्याव्यात. "पण विषय काय?" म्हटले, तर म्हणाले, "तुझ्या त्या खेळण्यातल्या गाडीवर लिही ना!"

खेळण्यातली गाडी! लेडीज हॉस्टेलमधल्या माझ्या कपाटावर ती हिरवी गाडी ठेवली आहे. खोलीत येणारी प्रत्येक मुलगी पहिला प्रश्न विचारते, "रिमोट कुठाय?" दुसरा प्रश्न, "केवढ्याला?" रेक्टर मॅडमनी तर "लहान भावाची आहे का?" असे प्रेमाने विचारले होते. एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

ही गाडी म्हणजे जॉर्डन १९१. १९९१ सालची खरी फॉर्म्युला वन गाडी, तिची एकास वीस प्रमाणातली प्रतिकृती. म्हणजे खऱ्या गाडीतले वीस मिलिमीटर इथे एक मिलिमीटर. किट तामिया या जपानी कंपनीचे. माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याला कंपनीने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवले होते. येताना सगळ्यांना चॉकलेटे आणली आणि मला हा खोका. "मेकॅनिकलची ना तू, मग जोड!" खोक्यावर लाल आणि निळ्या चौकोनातले दोन तारे. नंतर कळले की ही शिझुओका शहरातली कंपनी १९४६ साली सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यात. लाकडाची मॉडेल्स करता करता प्लास्टिककडे वळली आणि १९६७ साली होंडाची फॉर्म्युला वन गाडी एकास बारा प्रमाणात काढली. तिथून हे वेड जगभर गेले.

खोका उघडला तर आत गाडी नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींना लोंबकळणारे नखाएवढे, काही तर तांदळाएवढे भाग. मित्रांनो, सेकंड इयरला आपण इंजेक्शन मोल्डिंगची आकृती जर्नलमध्ये काढतो. मी ती रात्री दोन वाजता मैत्रिणीच्या जर्नलवरून काढली होती, एक अक्षर न समजता. पण ती चौकट हातात घेतली आणि सगळे डोळ्यांसमोर आले. हा रनर. हा गेट, इथून वितळलेले पॉलिस्टायरीन आत शिरले. ही साच्याच्या दोन अर्ध्या भागांमधली सांध्याची रेघ. आणि हे गोल ठसे म्हणजे भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे. ओरलला हाच प्रश्न आला होता आणि मी सरांकडे बघत बसले होते. असो.

गाडीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. एडी जॉर्डन नावाच्या आयरिश माणसाने १९९१ साली नवीन टीम फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. गॅरी अँडरसनने गाडी डिझाइन केली, मागे फोर्डचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन, अंगावर सेव्हन-अपची जाहिरात. म्हणून रंग हिरवा. ३२ नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर होता बर्ट्रांड गाशो. तो लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याशी भांडला, त्याच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्यापायी तुरुंगात गेला. ड्रायव्हर नाही म्हणून बेल्जियमच्या शर्यतीसाठी एका नवख्या जर्मन पोराला बसवले. त्याने गाडी सातव्या नंबरला उभी केली, लोकांनी तोंडात बोटे घातली. आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्याच फेरीत क्लच गेला! तो पोरगा मायकेल शूमाकर.

आणखी एक गंमत. हीच टीम पुढे २००५ साली आपल्या नारायण कार्तिकेयनला घेऊन उतरली, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. त्या वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाल्या सगळ्या टीमनी माघार घेतली, सहाच गाड्या धावल्या आणि नारायण चौथा आला. सहात चौथा, असे हसणारे हसतात. पण पाच पॉइंट ते पाच पॉइंट. त्यानंतर टीमची नावे बदलत गेली. मिडलँड, स्पायकर, २००८ पासून आपली फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन. एडी जॉर्डन २०२५ च्या मार्चमध्ये वारले. तर आमच्या कपाटावरचे हे हिरवे पोर त्या सगळ्या खानदानातले थोरले आहे.

हे सगळे मी मे महिन्यात पप्पांना सांगितले. पप्पांना सगळ्यात आवडला तो गाशो. "म्हंजी रिक्षावाल्याशी भांडला आणि नोकरी गेली? मग आपल्या लोणंदात निम्मी माणसं बिनकामाची बसतील की!"

आता पप्पांविषयी सांगावे लागेल. त्यांच्याशिवाय ही गाडी झालीच नसती. किंवा असे म्हणा, फार आधी झाली असती आणि फार वाईट झाली असती.

आमचे गाव लोणंद. पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या पॅसेंजरने गेलात तर नीरा नदी ओलांडली की येणारे मोठे स्टेशन. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी. कांदा म्हटला की ट्रक आले, ट्रक म्हटले की डेंटिंग-पेंटिंग आले. पप्पांची पत्र्याची शेड आहे, तिथे ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, कधीमधी जीप रंगतात. मी लहान असताना पप्पा घरी आले की मी त्यांची नखे बघायचे. आज कोणत्या रंगाची गाडी होती ते नखांच्या कडांवरून कळायचे. रॉकेलने धुतले तरी कडा राहायच्याच.

कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी फॉर्म भरून घ्यायचे. त्यात 'फादर्स ऑक्युपेशन' असा रकाना असायचा. वर्गात डॉक्टरांच्या, साखर कारखान्यातल्या साहेबांच्या मुली. मी पाचवीपासून तिथे 'ऑटोमोबाइल बिझनेस' लिहायला लागले. फॉर्मवर सही पप्पाच करायचे. त्यांना तेवढे इंग्रजी वाचता येते. ते कधी काही बोलले नाहीत. एकदा ओपन हाऊसला आले तेव्हा नखे नारंगी होती, आणि पूर्ण वेळ ते हात खिशात घालून उभे होते. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही, आणि आता थेट कॉलेजच्या मासिकात लिहिते आहे. चालायचेच.

दोन वर्षांपूर्वी पप्पांनी गन सोडली. सोडली म्हणजे सोडावी लागली. आधी रात्रीचा खोकला, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, मग जिना चढताना मध्ये बसणे. आई म्हणायची बिडी सोडा, पण बिडी तर त्यांनी माझ्या जन्माच्या वर्षीच सोडली होती. शेवटी साताऱ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी विचारले, "काम काय करता?" आणि उत्तर ऐकून पेनच खाली ठेवले. आजकाल गाड्यांना जो टू-के रंग मारतात त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळला १९८४ साली जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. हे त्याच्या भाऊबंदांपैकी, तेवढे जहाल नाहीत, पण फवाऱ्यातून रोज थोडे थोडे छातीत गेले तर काही माणसांचे शरीर त्यांना ओळखून ठेवते. एकदा ओळख पटली की मग चिमूटभरसुद्धा पुरे होते, लगेच दमा. पप्पा पंचवीस वर्षे तोंडाला ओला रुमाल बांधून रंग मारत होते. रुमालाने धूळ अडते. वाफ काय अडणार?

तेव्हापासून फवारणी शेडमधली पोरे करतात. पप्पा बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून हिशेब बघतात, रंग कालवून देतात आणि लांबून ओरडतात. खिशात पंप.

तर ही अशी परिस्थिती, आणि मी सुट्टीत घरी गेले रंगवायची गाडी घेऊन!

सुरुवात इंजिनापासून केली. मागचे कव्हर काढता येते, म्हणून आत सगळे इंजिन दिलेले असते. पण वायरी आणि नळ्या किटमध्ये नसतात, त्या ज्याच्या त्याने घालायच्या. यालाच डिटेलिंग म्हणतात. इथे सगळा हिशेब भागिले वीसचा. ब्रेकची नळी साधारण आठ मिलिमीटरची असते, म्हणजे मला ०.४ मिलिमीटरची हवी. मेलेल्या इअरफोनच्या आतली तार बरोबर बसली. सीट बेल्ट तीन इंच रुंद, म्हणजे पावणेचार मिलिमीटर. शाळेच्या वेणीची रिबीन कापून पाहिली, ती फारच चमकायची, एखाद्या नवरीच्या गाडीसारखी. शेवटी मास्किंग टेपच्या पट्ट्या घेतल्या. टायर खरोखरच्या रबराचे येतात. त्यांच्यावर हलकासा पॉलिश पेपर फिरवला की धावून आल्यासारखे दिसतात.

एक फजितीही सांगते. या गाड्यांचे सांगाडे कार्बन फायबरचे. त्याची वीण दाखवायला लोक बारीक जाळीतून रंग फवारतात, असे वाचले होते. जाळी? लोणंदात जाळीची काय कमी! कांद्याची लाल जाळीदार पिशवी आणली, ताणून बसवली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. जाळीचे भोक दोन मिलिमीटरचे, गुणिले वीस, चाळीस मिलिमीटर. खऱ्या गाडीवर तळहाताएवढी वीण! मच्छरदाणी लावून पाहिली, तिचाही तोच प्रकार. मग माहितीपत्रकात सांगितलेला एक्स-१८ नंबरचा अर्धवट चमकीचा काळा रंग गुपचूप ब्रशने लावला. लांबून छान दिसतो. जवळून कोणी बघू नये.

इथपर्यंत ठीक होते. मग मी जे केले ते मेकॅनिकलच्या मुलीने करू नये. अजिबात करू नये.

हिरवा रंग मला पुण्याहून मागवायचा होता, चार-पाच दिवस लागणार होते. आणि शेडमध्ये हिरव्याचे डबे रांगेने. एका दुपारी पप्पा बँकेत गेले, पोरे जेवायला गेली. मी ट्रॅक्टरच्या हिरव्या ड्युकोत थिनर घातला, टच-अपची छोटी गन घेतली आणि बॉडीवर मारला. पहिली दहा सेकंदे, अहाहा! काय तो हिरवा! मग तो हिरवा हलायला लागला. पृष्ठभागावर सुरकुत्या, बारीक भेगांचे जाळे, नाकाचे टोक मऊ होऊन किंचित खाली झुकले. थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटेट, कीटोन असले सगळे असते आणि पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. हे मला माहीत नव्हते असे नाही. आठवडाभर ज्या गोंदाने मी भाग जोडत होते तो काय करतो? तो चिकटवत नाहीच, दोन्ही कडा वितळवतो आणि एक करतो. म्हणजे सात दिवस मी हेच रसायन थेंबा-थेंबाने वापरत होते, आणि आठव्या दिवशी त्याची अंघोळ घातली.

बॉडी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलले नाही. आईला वाटले निकाल लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पप्पा अंगणात बसलेले. समोर परात, परातीत पाणी, हातात माझी बॉडी आणि वॉटर पेपरचा तुकडा. गन मी नीट धुतली नव्हती, नोझलला हिरवा वाळला होता, त्यावरून पकडले मला!

"ह्ये थिनरनं खाल्लंय," एवढेच म्हणाले. "पलास्टिकवर ड्युको मारत्यात व्हय? बंपर रंगवताना बघितलं न्हाईस कधी?"

मी खरोखरच बघितले नव्हते. आठवीनंतर मी शेडमध्ये पाऊल टाकलेले नव्हते. ते त्यांना माहीत होते, मलाही. दोघेही परातीत बघत राहिलो.

मग आमचे काम सुरू झाले. आधी सहाशे नंबरचा पेपर, मग हजार, मग पंधराशे, सगळे पाण्यातून. पप्पा बोटाने पेपर धरत नाहीत, रबराच्या ठोकळ्याला गुंडाळतात. "बोटानं घासलं की बोटाचा खड्डा पडतो." एवढ्या लहान वस्तूला ठोकळा कुठला? त्यांनी माझ्या खोडरबराचे तिरके तुकडे केले. भेगा भरायला गाडीची पुट्टी आणली, पण डबा उघडून वास घेतला आणि बाजूला ठेवला. "हीबी खाईल." तिथे माझी विद्या कामाला आली. उरलेल्या चौकटीचे तुकडे बारीक करून गोंदाच्या बाटलीत टाकले, रात्रीत त्याची दाट लापशी झाली. त्याच प्लास्टिकची पुट्टी! चार दिवस वाळवायची, मग घासायची. पप्पांनी ती नखाने दाबून पाहिली आणि मान हलवली. एवढे मार्क मला सेममध्ये कोणी दिले नव्हते.

रंगाच्या जाडीवरून आमचे एकदा मोठे बोलणे झाले. मी म्हटले, "पप्पा, इथं दहा-वीस मायक्रॉनच्या वर जायचं नाही. शंभर मायक्रॉन रंग बसला तर तो खऱ्या गाडीवर दोन मिलिमीटर मारल्यासारखा दिसेल." पप्पांनी दोन मिलिमीटर बोटांच्या चिमटीत धरून पाहिले. "येवढा? येवढा तर दहा वेळा रंगवलेल्या ट्रकलाबी नसतो!" मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "मग पयला हात नुसता धुकं मारायचा. दिसला न पायजे."

तोपर्यंत पालखीचे दिवस आले. नीरास्नान झाले की माउली सातारा जिल्ह्यात येतात आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्या लोणंदला. आमच्या शेडमध्ये दर वर्षी एक दिंडी उतरते. गाड्या बाहेर निघतात, जमीन धुऊन घेतात, ताडपत्र्या पडतात, आणि ज्या खांबावर एअरचा पाइप टांगलेला असतो तिथे वीणा टांगतात. गावात एवढी माणसे, एवढी धूळ, वर भुरभुर पाऊस, रंगाचे नाव काढायचे नाही. हवेत दमट असले की ड्युको पांढरट पडतो, हे शेंबडे पोरही सांगेल आमच्याकडे. दिंडीतल्या एका आजींनी ओट्यावर वाळत ठेवलेली बॉडी उचलून पाहिली. "छप्पार न्हाई गं हिला? पावसात कसं व्हायचं?" मी म्हटले, "आजी, एकच माणूस बसतो हिच्यात." "एकटाच?" म्हणाल्या आणि जपून जागेवर ठेवली.

पालखी तरडगावकडे निघाली, शेड पुन्हा शेड झाली. पुण्याहून पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग आले होते. पण त्यातला हिरवा मला हवा तो नव्हता, जास्त निळसर. पप्पांनी खोक्यावरचे चित्र उन्हात धरले, मग सावलीत धरले. पिवळ्याचे दोन थेंब, ढवळ. आणखी एक थेंब, ढवळ. मग काडीच्या टोकावर काळा, इतका कमी की मला वाटले काही पडलेच नाही. कागदावर बोट ओढून वाळू दिले आणि चित्राशेजारी ठेवले. फरक सांगता येईना. लॅबमध्ये आम्ही तीन-तीन रीडिंगची सरासरी काढतो, तेव्हा मला ती काडी आठवते.

आणि मग पप्पा गन घेऊन उठले.

मी म्हटले, "पप्पा, मी मारते."

"तू येकदा मारलायस की."

"तुम्ही गन हातात घ्यायची नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ह्यो पाण्याचा रंग हाय. ह्यात कुठला हार्डनर?"

"पाण्याचा असला तरी फवारा फवाराच. आणि शेडमध्ये कालच टू-के मारलाय पोरांनी, वास अजून आहे. तुम्हाला तेवढंही चालत नाही."

आवाज चढले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला वडीलधाऱ्यांशी हळू आवाजात बोलायला शिकवले होते, ते सगळे त्या दिवशी विसरले. पप्पा म्हणाले, पंचवीस वर्षं मारला तेव्हा कुठं होतीस? मी म्हटले, तेव्हा मी तुमच्या पैशाने इंग्लिश शिकत होते! हे मला रागाने म्हणायचे होते, पण निम्म्यात आवाज फाटला. पप्पांनी गन पाटावर ठेवली. खोकले. खिशातला पंप काढला, दोनदा ओढला, आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. पप्पांना मी पंप घेताना तोपर्यंत पाहिले नव्हते. ते आमच्यासमोर घेतच नाहीत.

मग आत गेले आणि खिळ्याला टांगलेली एक पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन डब्यांचा कार्ट्रिज मास्क, कोरा, प्लास्टिकसुद्धा फोडलेले नव्हते. "कधी आणला होता?" "झाली की सात-आठ वर्सं. श्वास कोंडतो म्हणून न्हाय घातला." डब्यांवरची तारीख उलटून गेली होती. त्याच दिवशी संध्याकाळी मी नवीन डबे मागवले, आणि दोन मास्क जास्तीचे, पोरांसाठी.

रविवारी शेड बंद. दोन्ही दारे सताड उघडी ठेवली, पंखा बाहेरच्या दिशेने लावला. कॉम्प्रेसरवर हवेचा दाब पंधरा पौंडांवर आणला. ट्रकला याच्या तिप्पट लागतो. मी मास्क घालून आत, पप्पा बाहेर, खिडकीच्या जाळीच्या पलीकडे वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून. बॉडी काडीवर खोचलेली. मास्कमधून माझा स्वतःचा श्वास मला एवढ्या मोठ्याने ऐकू येत होता की पप्पांचे निम्मे शब्द कळत नव्हते.

"बाहेरनं सुरू कर, बाहेर सोड! गाडीवर थांबायचं न्हाय!"

"हात फिरव, मनगट न्हवं!"

"लांब... लांब... आता जवळ. वीतभर."

"बास! सोड ट्रिगर. आता हात लावू नगंस."

पहिला हात धुके. वीस मिनिटे थांबलो. दुसरा हात थोडा ओला. तिसऱ्याला नाकाच्या बाजूला एक ओघळ यायला लागला, मी घाबरून गन मागे घेतली. पप्पांना तो जाळीतून, दहा फुटांवरून दिसला. "ऱ्हाऊ दे. वाळल्यावर घासू." तीन तासांनी बॉडी बाहेर उन्हात आणली. पप्पांनी ती तिरपी धरून पत्र्याच्या कडेचे प्रतिबिंब तिच्यात पाहिले. रंग सपाट आहे का, हे ते असेच बघतात. रेघ सरळ दिसली तर रंग सरळ.

"संत्र्याची साल हाय थोडी," म्हणाले. "पण पयल्या गाडीला माझ्यापेक्षा बरं."

पुढचे भराभर सांगते. स्टिकर पाण्यात भिजवून सरकवायचे असतात. उंचसखल जागी बसेनात तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातले व्हिनेगर लावले, बसले. नाकावरचा ३२ एक केसभर वाकडा आहे. ओघळ घासून गेला, पण माहीत असलेल्याला दिसतो. झुकलेले टोक मी सरळ केले आहे, पूर्ण नाही. फॉर्म्युला टीममधल्या एका सीनियरने पाहून "एरोडायनॅमिक फॉल्ट" असा शेरा मारला. वर क्लिअर कोट अजून मारलेला नाही. पप्पा फोनवर दर वेळी विचारतात. हॉस्टेलमध्ये कॉम्प्रेसर कुठून आणू?

या वर्षी ॲडमिशनच्या फॉर्मवर पुन्हा तो रकाना आला. मी लिहिले, 'पेंटर, हेवी व्हेइकल्स'. काउंटरवरच्या क्लार्कने विचारले, "म्हणजे आर्टिस्ट का?" मागे मोठी रांग होती, मी हो म्हटले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा पप्पांनी विचारले, "ट्रकचं येत न्हाय का गं असं किट? आपल्या टाटा १२१० चं?" त्यांनी रंगवलेला पहिला ट्रक १२१० होता. मी बरेच शोधले, मला मिळाले नाही. मग ठरले की पातळ प्लास्टिकच्या शीटमधून कापून आपणच करायचा. गावाबाहेर भंगारवाल्याकडे एक केबिन पडून आहे, त्यात आता कोंबड्या असतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे टेप घेऊन गेलो. टेपचे एक टोक पप्पांनी धरले, दुसरे मी. ते आकडे ओरडत होते, मी भागिले वीस करून वहीत लिहीत होते. दार झाले, काच झाली, बॉनेट झाले. मडगार्डची गोलाई राहिली आहे. तिथे कोंबडी अंड्यावर बसली होती. पप्पा म्हणाले, तिला उठवायचं न्हाय, पुढल्या सुट्टीत बघू.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी